साखर मेजाखाली नाही

शिंपीबुवांनी ठरवूनच टाकलं होतं. सून घरी आली की तिच्याशी आपण स्वतः बोलायचं. मधे मुलगा नको.

मुलगा बसड्रायव्हर. लांब कुठेतरी कामाला गेला, तिकडेच लग्न करून बसला, आणि बायकोला स्पॅनिश सोडून दुसरं काही येत नव्हतं. वर्षभर व्हिडिओ कॉलवर शिंपीबुवा आपले हात हलवत राहिले. खांदा दुखायला लागला, पण गाडी काही पुढे सरकेना.

मग दोघं कायमची घरी परतणार असं ठरलं, तसे बुवांनी मोबाइलवर स्पॅनिशचे धडे लावले. ‘माझं नाव अमुक’, ‘आज हवा छान आहे’, असलं काही नको. फक्त वस्तू कुठे आहेत तेवढं. कारण नव्या घरात माणसाला पाहुण्यासारखं का वाटतं? साधा चमचा कुठेय ते माहीत नसतं म्हणून!

मशीन चालवताना पाठांतर. ‘एल आसुकार एस्ता देबाहो दे ला मेसा.’ साखर मेजाखाली आहे. ‘ला साल एस्ता देत्रास देल काफे.’ मीठ कॉफीच्या मागे. गिऱ्हाईक मापासाठी हात वर करून उभं, आणि हे टेप दातात धरून ‘देबाहो, देबाहो.’

“काय म्हणालात?”

“काही नाही. हात खाली घ्या.”

बायको आतून ओरडायची, “अहो, बोट दाखवा की तिला!”

“बोट कुणीही दाखवेल,” बुवा म्हणायचे.

आता या बायकोची एक खोड होती. घरी कुणी येणार म्हटलं की तिला धडधडायचं, आणि धडधडलं की ती डबे हलवायची. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला हे आठवायला हवं होतं. पण बुवा पाठांतरात बुडालेले.

सून आली. मुलाला इथल्याच डेपोत नोकरी लागली होती; दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ड्यूटीवर गेला. सुनेनं कॉफी तीन कपांत ओतली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “दोन्दे एस्ता एल आसुकार?”

बुवांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साखर कुठे आहे? अगदी ओळखीचा प्रश्न! घसा खाकरून त्यांनी वाक्य फेकलं. बिनचूक.

सून मेजाखाली वाकली आणि बूटपॉलिशची डबी घेऊन वर आली.

बायको दारात चुळबुळत उभी. “मी हलवली साखर.”

“कुठे?”

“तेच तर आठवत नाहीये!”

“अगं पण का?”

“तुमचं ते देबाहो देबाहो ऐकून मला धडधडायला लागलं. थांबा, पोराला फोन लावते, तो सांगेल तिला समजावून.”

“ठेव तो फोन,” बुवा म्हणाले. मग सुनेकडे बघून त्यांनी चाचरत म्हटलं, “नो एस्ता.” नाहीये. हे काही त्यांनी पाठ केलं नव्हतं. आतूनच आलं.

सून खुदकन हसली. कॉफीच्या बरणीकडे बोट केलं. “देत्रास देल काफे?”

बुवांनी बरणी सरकवली. “नो एस्ता देत्रास देल काफे!”

मग काय, सुटलेच. फ्रिजवर नो एस्ता, खिडकीपाशी नो एस्ता, पिंपाखाली नो एस्ता. घोकलेलं प्रत्येक वाक्य कामाला आलं, फक्त पुढे एक ‘नो’ लावून. सून विचारतेय, सासरा उत्तर देतोय, सासू दोघांच्या मागे झाकणं उघडतेय.

शेवटी पुढच्या खोलीतून सुनेची आरोळी आली. “आकी! एन्सिमा दे ला माकिना!”

“मशीनवर?” बुवांनी बायकोकडे बघितलं.

“हां! तुम्हाला गप्प करायला आले होते ना बाहेर, तेव्हा हातात होती.”

कॉफी तोवर पार गार झाली होती. तिघांनी तशीच प्यायली. मधेच बायकोनं कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, “अहो, मीठही सापडत नाहीये.”

जन्मात पहिल्यांदाच बुवांना त्या खोडीचा राग आला नाही. ते सुनेकडे वळले. “दोन्दे एस्ता ला साल?”

सून आधीच मेजाखाली शिरली होती.