दोन गोलांचं प्रकरण

प्राध्यापकांनी वहीत दोन गोल अगदी चिकटून काढले, एकात ‘टर्नर’ लिहिलं, दुसऱ्यात ‘पेंटर’, आणि पेन्सिल कानावर अडकवली.

सहा वर्षं ते दर गुरुवारी बसगाड्यांच्या या दुरुस्ती-कारखान्यात येत होते. जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं त्याचा नकाशा काढायचा आणि युनियनच्या निवडणुकीआधीचा नि नंतरचा ताडून पाहायचा, हे त्यांचं संशोधन. निवडणुकीनं माणसं तुटतात, असं विद्यापीठातले सगळे म्हणत. पण एकमेकांविरुद्ध दोनदा उभे राहिलेले लेथवरचे टर्नर आणि गाड्या रंगवणारे पेंटर मांडीला मांडी लावून जेवत होते. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या दोन गोलांवर उभं होतं, आणि उद्या हस्तलिखित प्रकाशकाकडे जायचं होतं.

“झालं का सर?” टर्नरनं विचारलं.

“झालं. हा शेवटचा.”

“सुटलो!” म्हणत पेंटरनं डबा उचलला आणि तो थेट खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला. टर्नर सरकून ऐसपैस बसला.

प्राध्यापक बघतच राहिले. “यांचं आज काही बिनसलं का?”

चहाची किटली घेऊन आलेल्या कँटीनच्या मावशींना हसू आवरेना.

“आज? अहो, पहिल्या निवडणुकीलाच बिनसलं. इतर दिवशी एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. गुरुवारचे तेवढे जवळ बसतात.”

“गुरुवारचे का?”

“तुम्ही येता म्हणून. पेंटर पहिल्यांदा लांब बसले, तेव्हा तुम्ही गोल खोडत बसलात. खोडून खोडून कागद फाटला. तोंड एवढंसं झालं होतं तुमचं! मीच दोघांना झापलं. म्हटलं, म्हातारा माणूस दोन गाड्या बदलून येतो, अर्धा तास जवळ बसलात तर झिजाल का?”

प्राध्यापकांनी वही मिटली. पुन्हा उघडली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, तो आणखीच धुरकट झाला.

“मला सांगायचं तरी,” ते हळूच म्हणाले.

“सांगणारच होतो,” टर्नर डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाला. “पण तुम्ही इतक्या हौसेनं काढायचात, जीव होईना.”

“जीव होईना म्हणे!” खिडकीजवळून पेंटर ओरडला. “सर, सहा वर्षं माझा निम्मा डबा खाल्लाय त्यानं!”

“बेचव होता!”

“मग खाल्लास कशाला?”

“सरांसमोर नाही कसं म्हणू?”

“आणि मी आजारी होतो तेव्हा घरी डबा घेऊन आलास, तेव्हा कुठं होते सर?”

टर्नरनं झाकण दाबून बसवलं. ते आधीच बसलेलं होतं.

प्राध्यापकांनी पेंटरचा गोल खोडला, यावेळी कागद न फाडता, आणि खिडकीजवळ नवा काढला. प्रकरण गेलं, हे त्यांना कळत होतं. प्रकाशकाला काय सांगायचं, तेवढं कळत नव्हतं. मावशींनी त्यांच्यापुढे कप ठेवला, कान तुटलेला, दर गुरुवारचा. बाकाच्या टोकाची ती त्यांची जागा सहा वर्षांत कधी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती. त्यांनी तिथं एक छोटा गोल काढला. तीनशे नकाशांत तो एकदाही नव्हता. आत काय लिहावं ते सुचेना, म्हणून कोराच ठेवला आणि पेन्सिल पुन्हा कानावर अडकवली.

भोंगा झाला. माणसं उठू लागली. पेंटर दाराशी येऊन घुटमळला.

“म्हणजे सर, पुढच्या गुरुवारी तुम्ही येणार नाही?”

“नकाशे संपले ना.”

पेंटरनं टर्नरकडे पाहिलं. टर्नरनं बुटाच्या टोकाकडे.

“मग आम्ही बसायचं कुठं?”

प्राध्यापकांनी वहीचं पान उलटलं. पुढचं कोरं होतं. कानावरची पेन्सिल काढून ते सावकाश तिला टोक करू लागले.