तेल प्यालेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे. पोलादी सळी हातांनी वाकवणारे लोक तिच्या दोन्ही टोकांना चामडं गुंडाळतात, वर रबरं चढवतात आणि मग मूठ आवळतात. ते चामडं म्हणजे मी. आम्ही दोघे असतो. मी उजवा.

सळी वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. बघणारे हसतात. "एवढीशी?" म्हणतात. मग हातात घेऊन जोर लावतात आणि तशीच सरळ परत देतात.

मला निवडलं सिरिल हुडाकने. पेनसिल्व्हेनियात नदीकाठच्या पोलाद कारखान्यात तो भट्टीवर होता. चामड्याच्या दुकानात त्याने अर्धा दिवस घालवला. मऊ तुकडा दिसला की बाजूला सारायचा. दुकानदार वैतागला.

"बायको पसंत करायलाही एवढा वेळ लावला नव्हतास, सिरिल."

"बायको तळहातात घुसत नाही."

खरंच होतं ते. चामडं मऊ असलं की सळीचं टोक त्यातून हातात उतरतं. फार जाड असलं की मूठ मिटत नाही. त्याला हवं होतं ताठ, कुरकुरत का होईना पण गुंडाळलं जाणारं. तसा मी होतो. सांगायला लाज कसली?

दर जुलैत चर्चच्या जत्रेला, तळघरातल्या दालनात, जेवणाआधी सिरिल सळी वाकवायचा. कोबी-शेवयांचा वास सुटलेला असायचा, पण सळीची टोकं एकमेकांजवळ येईपर्यंत कुणी ताटाला हात लावत नसे. अकरा वर्षं मी त्याचा हात राखला. मला तो फक्त खडूची भुकटी लावायचा. पाणी नाही, तेल नाही.

मग त्याची पन्नाशी आली. मुलगी वेरोना तेव्हा एकोणीस वर्षांची, केस कापायला शिकत होती. बापाला भेट काय द्यावी? तिने गुपचूप आम्हाला उचललं. बुटांना लावतात ते तेल दोन दिवस चोळलं, शेगडीजवळ ठेवून मुरवलं. जीव लावून केलं. मी नको म्हणू शकलो नाही.

"बघ बाबा, नव्यासारखे झालेत."

सिरिलने अंगठा दाबला. अंगठा माझ्यात रुतला. त्याला कळलं.

"छान," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

त्या जुलैत त्याने आम्हालाच घेतलं. वेरोना पहिल्या रांगेत होती. टोक माझ्यातून त्याच्या तळहाताच्या कडेत उतरलं. मी अडवू पाहिलं, पण माझ्यात ताठपणा उरला नव्हता. सळी वाकली. टाळ्या पडल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही त्या दिवशी बधिर झाली. पुढे आणखी नऊ जुलै. शेवटी त्याला शर्टाची बटणंही डाव्या हाताने लावावी लागत. वेरोनाला वाटायचं, वय झालं.

तो मार्चमध्ये गेला. आम्हाला खणात ठेवलं. सकाळी पावणेसातला तो सराव करायचा. अजूनही पावणेसात झाले की मी आवळला जातो. खण बंद असतो, खोलीत कुणी नसतं. तीन बोटांचा दाब लागतो. दोन बोटांची जागा सैल राहते.

जूनमध्ये वेरोनाने ठरवलं, यंदा बाबाच्या जागी सळी आपण वाकवायची. सिरिलचा भट्टीवरचा सोबती आंब्रोज रविवारी प्रार्थनेनंतर गॅरेजात आला. तिच्यासाठी नवे, करकरीत ताठ पट्टे घेऊन. पण वेरोनाने खणातून आम्हाला काढलं.

"ते ठेव. हे घे," आंब्रोज म्हणाला.

"काका, मी बाबाचेच घेणार."

"पोरी, हट्ट करू नकोस."

"हुडाकांच्या घरात हट्ट नाही करायचा, तर काय भजन करायचं?"

तिने आम्हाला गुंडाळलं. मला ओरडावंसं वाटलं. तिचं पोट कात्रीवर, कात्री बोटांवर. मला घेऊ नकोस! तिने जोर लावला. टोक माझ्यात शिरलं, तिच्या तळहाताच्या कडेला टेकलं, बरोबर त्याच जागी. आंब्रोजने झडप घालून सळी हिसकावली.

"बोटं घालवायचीत का बापासारखी?"

वेरोना हात चोळत राहिली. "बापासारखी म्हणजे?"

आंब्रोजने मला अंगठ्याने दाबून पाहिलं. "चामडं मऊ पडलंय. तेल पाजलेलं आहे त्याला."

"तेल मी लावलं होतं."

"हो."

"बाबाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. पोरीला सांगितलंस तर जीभ हासडीन, म्हणाला होता मला."

"मग वापरायचा कशाला?"

"तू समोर उभी असायचीस ना."

ती रडली नाही. तिने नवे पट्टे उचलले, खडू लावला, गुंडाळले, नीट आवळले. जुलैत तिने सळी वाकवली. पन्नास सेकंद लागले. बोटं शाबूत राहिली. आंब्रोज म्हणतो, लोक टाळ्या वाजवत होते आणि ही जेवायलाही थांबली नाही.

तेव्हापासून रोज केस कापायच्या दुकानात जाण्यापूर्वी ती मला बाहेर काढते. खडूची भुकटी चोळते, झटकते, पुन्हा चोळते. भुकटी तेल शोषून घेते असं कुणीतरी तिला सांगितलंय. दहा वर्षांचं मुरलेलं तेल. ते निघायचं नाही. हे मला कळतं, तिलाही कळतं. तरी घासते. घासताना ओठ हलतात.

तुमच्यापैकी कुणी त्या गावी केस कापायला गेलात, तर तिच्या खुर्चीत बसा आणि तिला एवढं सांगा: बाई, घासणं थांबव. तुझ्या बाबाला नवे पट्टे घेता येत होते. चामड्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं.