हात पुरतो त्याहून बोटभर वर

सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणायचा, आणि बायको रागात असली की तीसुद्धा ‘अहो’च्या पुढे ‘पेंटर’ जोडायची. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या. छापील पाट्या आल्या तशी कामं निम्म्यावर आली, पण निम्मी टिकली, कारण काही दुकानदारांना अजून अक्षराला माणसाचा हात लागलेला हवा असायचा. असे हे पेंटर एकसष्टाव्या वर्षी एका सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालायला गेले आणि उजवा हात छातीपर्यंत येऊन अडला. पुढे जाईना. जोर लावला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. जाईल, पण सावकाश जाईल.

घरात माणसं तीन. पेंटर, त्यांची बायको आणि सून. मुलगा कामासाठी महिन्यातले तीन आठवडे बाहेरगावी असायचा. सून एका मोठ्या गोदामात होती आणि कुठला माल कुठल्या फळीवर जायचा हे ठरवणं हेच तिचं काम होतं. रोज मागणी असलेला माल कमरेपासून छातीपर्यंत, वर्षातून दोनदा लागणारा वर छताशी. माणसाला वाकावं लागू नये, टाचा उंचावाव्या लागू नयेत, एवढा एकच मंत्र. तोच तिने घराला लावला. एका रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन ती सकाळी जी भिडली ती चार वाजता थांबली. कपांचे हुक खाली आले. चहासाखरेचे डबे ओट्यावर आले. टॉवेलचा खिळा खाली, फ्रिजवरचा रेडिओ स्टुलावर, हँगरचे शर्ट खणात. पेंटरांचे ब्रश भिंतीवरच्या उंच खुंट्यांवर असायचे, ते खिडकीजवळच्या ठेंगण्या कपाटात गेले. शेजारीण बघून गेली आणि म्हणाली, अशी सून मिळायला भाग्य लागतं. पेंटरांना भरून आलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई वयाने त्यांच्या सुनेएवढ्या. त्यांनी भिंतीसमोर उभं राहून कोळ्यासारखी बोटं वर चालवत न्यायला सांगितली. दिवसातून तीनदा. केला की कागदावर खूण करायची. कागद फ्रिजवर लागला. पाच दिवस पेंटरांनी इमानेइतबारे बोटं चालवली आणि पाचही दिवस खांद्याने त्यांना पूर्वजांची आठवण करून दिली. सहाव्या दिवशी ते नुसतीच खूण करून मोकळे झाले. सातव्या दिवशीही. पुढे तर रात्रीच्या खुणाही सकाळीच होऊ लागल्या. खुणा मात्र बघण्यासारख्या होत्या, चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाच्या, सगळ्या एका मापाच्या.

दोन महिन्यांनी बाईंनी हात मोजला. कोन मोजायची पट्टी दोनदा लावून पाहिली.

“हात होता तिथेच आहे,” त्या म्हणाल्या.

“वय झालं आता.”

“वयाचं राहू द्या. सकाळी उठल्यापासून हा हात कशाकशासाठी वर जातो, तेवढं सांगा.”

पेंटर मनातल्या मनात घरभर फिरून आले. मोरी, स्वयंपाकघर, कपाट, पलंग. कुठेच हात वर जात नव्हता.

“सगळं हाताशी आहे हो,” ते म्हणाले. “सून फार चांगली आहे.”

“ते दिसतंच आहे. पण मग हाताने वर जायचं कशासाठी? त्याला कारणच उरलेलं नाही. माणूस व्यायाम विसरतो. चहा विसरत नाही.”

पेंटर घरी आले ते हेच घोकत. सून कामावर, बायको भाजी आणायला गेलेली. त्यांनी बिस्किटांचा डबा डाव्या हाताने उचलून मधल्या फळीवर ठेवला, आणि चहाच्या वेळी उजव्या हाताने काढला. दुखलं, पण बिस्किट मिळालं. संध्याकाळी सून आली. जागचं हललेलं काही तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तिने डबा खाली आणला. दुसऱ्या दिवशी पेंटरांनी तो वर नेला. संध्याकाळी तो पुन्हा खाली. असं चार दिवस चाललं. दोघंही मूग गिळून होते.

“या घरात बिस्किटांना पाय फुटलेत,” बायको म्हणाली.

पाचव्या दिवशी सून समोर येऊन बसली. “बाबा, मी लावलेलं पटत नसेल तर सरळ सांगा. मला काही वाईट वाटणार नाही.” वाईट वाटलंय हे तिच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं.

पेंटरांनी बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. सांगताना तिला कुठे लागू नये म्हणून इतके शब्द पेरले की मूळ गोष्ट सापडेना. शेवटी तिनेच धागा पकडला.

“पण व्यायाम तर तुम्ही रोज करता. या काय खुणा आहेत.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “त्या खोट्या आहेत,” पेंटर म्हणाले.

“मला ठाऊक होतं,” बायको आतून म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“इतक्या सुबक काढल्या होत्यात. म्हटलं राहू द्यात.”

सून हसली नाही. आपण मायेने केलं आणि त्या मायेनेच सासऱ्यांचा हात दोन महिने जागच्या जागी ठेवला, हे गिळायला तिला जरा वेळ लागला. ती उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली. पेंटरांना वाटलं, दुखावली पोर. पण ती परत आली ती मोजपट्टी आणि पेन्सिल घेऊन. आधी तिने बाईंना फोन लावून काय चालेल, काय नाही ते विचारून घेतलं, मग सासऱ्यांना भिंतीपाशी उभं केलं.

“हात वर करा. दुखेपर्यंत नाही. दुखणार असं वाटलं की थांबा.”

तिथे तिने रेघ मारली. मग त्या रेघेवर आपलं बोट आडवं ठेवून दुसरी रेघ मारली. “तुम्हाला रोज हवंच असं काय काय आहे?”

“चहा. बिस्किटं. रेडिओ. पेपर.”

“ते सगळं या वरच्या रेघेवर. चष्मा आणि गोळ्या खालीच राहतील.”

“गोळ्या का नाही?”

“गोळी वर ठेवली तर तुम्ही हात कशाला वर कराल? बरंच झालं म्हणाल.”

पेंटरांना आपल्याला इतकं नेमकं कुणी ओळखतं याचं थोडं अवघडलेपण वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

त्या रविवारी घर पुन्हा वर चढायला लागलं. दर रविवारी मोजणी, आणि हात पुरेल त्याहून बोटभर वर नवी रेघ. पहिले दोन दिवस पेंटर रेडिओविना राहिले. “बातम्या काय, रोज त्याच असतात,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. तिसऱ्या सकाळी नेहमीच्या गाण्यांची वेळ झाली तसे ते उठले आणि कण्हत कण्हत बटण फिरवून आले. बायकोला दया यायची. ती हळूच डबा काढून त्यांच्यापुढे सरकवायची. दोनदा सुनेने पाहिलं आणि तिसऱ्यांदा नियमच केला, आईंनी काही काढून द्यायचं नाही.

“यांचा खांदा दुखतो आणि माझ्याच घरात हात माझे बांधले,” बायको म्हणाली. पण नियम तिने पाळला.

सगळं सरळ वर गेलं असं नाही. पाचव्या आठवड्यात पेंटरांनी घाई केली, एकदम दोन बोटं चढवली, आणि तीन दिवस हात पोटाशी धरून बसले. त्यांना वाटलं, आता सून बोलणार. तिने निमूटपणे सगळं बोटभर खाली आणलं.

“रागावली नाहीस,” ते म्हणाले.

“गोदामातही फळी चुकते, बाबा. आपण फळी बदलतो. मालावर कुठे रागावतो?”

रेघा सुरू झाल्यापासून तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हात डोक्याच्या वर गेला. केस उजव्या हाताने विंचरले त्या दिवशी पेंटर आरशासमोर जरा जास्तच वेळ रेंगाळले. त्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानाचं काम विचारायला माणूस आला. त्यासाठी रुंद ब्रश हवा होता आणि तो माळ्यावर. बायकोने स्टूल घट्ट धरलं, पेंटर चढले. ब्रशाच्या मागे एक खोकं होतं. उघडून पाहिलं तर आत पुस्तकं. सुनेच्या बढतीच्या परीक्षेची, गोदामाची व्यवस्था, मालाची सुरक्षितता असली. एकात चौथ्या धड्यापर्यंत पेन्सिलीने खुणा केलेल्या, पुढे कोरी पानं.

“ही इथे कशी?” त्यांनी वरूनच विचारलं.

“तुमच्या ब्रशांसाठी कपाट रिकामं केलं ना तिने, तेव्हा ठेवलीत,” बायको म्हणाली. “मी म्हटलं, अगं तुझी परीक्षा? तर म्हणे, सध्या लागत नाहीत.”

पेंटर स्टुलावर तसेच उभे राहिले. रोज न लागणारं वर छताशी. पोरीने आपलाच नियम आपल्यालाच लावला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

“उतरताय की तिथेच राहताय?” बायको म्हणाली. “माझे हात भरून आले.”

खोकं जड होतं. त्यांनी दोन दोन पुस्तकं उजव्या हाताने काढून बायकोच्या हातात दिली. सात वेळा हात वर गेला, सात वेळा खाली आला. मग कपाटातले ब्रश त्यांनी पूर्वीच्या उंच खुंट्यांवर टांगले, कपाट पुसलं, पुस्तकं लावली, आणि खुर्ची आणि टेबलावरचा दिवा कपाटाला लावून ठेवला. दुपारभर खांदा ठणकत राहिला. त्यांनी शेक घेतला आणि तक्रार केली नाही.

संध्याकाळी सून आली, चप्पल काढली आणि खिडकीकडे बघत उभी राहिली.

“बाबा, ब्रश कुठे गेले?”

“वर. त्यांची मूळची जागा होती ती.”

“आणि ही खाली कशाला काढलीत?”

“तूच म्हणतेस ना, रोज लागतं ते कमरेच्या उंचीवर.”

“रोज कुठे लागतात?”

“आता लागतील.”

वरचं पुस्तक तिने हातात घेतलं, उगाच झटकलं, परत ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर उठून त्या खुर्चीवर बसलेली होती. पेंटरांनी रेडिओकडे गेलेला हात अर्ध्यातून मागे घेतला. सासूने तिच्यापुढे चहा ठेवला आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली. पुढे तोच शिरस्ता पडला. सकाळचा तो अर्धा तास घरात कुणी भांडं आपटायचं नाही, आणि मुलगा घरी असला तर त्यालाही हळू बोलायची ताकीद. चारपैकी तीन पेपर ती त्या खेपेला पास झाली. चौथा सहा महिन्यांनी पुन्हा द्यायचा होता. पुस्तकं कपाटातच राहिली.

चष्म्याच्या दुकानाची पाटी दोन ओळींची होती. वरची ओळ पूर्ण व्हायला पेंटरांना दोन दिवस लागले, एरवी अर्ध्या दिवसाचं काम. दर दोन अक्षरांनंतर ते शिडीवरून उतरायचे, खांदा गोल फिरवायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा चढायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी सून बसथांब्याकडे जाताना खाली थांबली आणि मान वर करून पाहू लागली.

“बाबा, शेवटचं अक्षर जरा बुटकं वाटतंय.”

“बुटकंच आहे. काल तिथपर्यंत येता येता खांदा थकला होता.”

“मालक काही म्हणाले नाहीत?”

“विचारलं मी. म्हणे, लांबून कळत नाही.”

“आणि जवळून?”

“जवळून बघायला चष्मा लागतो. तो घ्यायला आत जावंच लागेल.”

ती हसली. बस आली तशी पर्स सावरत धावली. पेंटरांनी ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला आणि खालच्या ओळीचं पहिलं अक्षर धरलं.