मॅडम बाहेर गेल्यात

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पडदे शिवायचं दुकान टाकलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती, पण शेंडेफळ म्हातारं झालं तरी शेंडेफळच. दादाने दुकान पाहून मान हलवली. "धंदा म्हणजे पोरखेळ नाही. काही अडलं तर मला विचार." दादाचा अनुभव दांडगा होता. त्याचे दोन धंदे बुडाले होते आणि तिसरा गटांगळ्या खात होता.

पहिलंच गिऱ्हाईक आत आलं आणि म्हणालं, "मालक कुठायत?"

'मीच मालकीण' हे दोन शब्द धाकटीच्या तोंडून काही केल्या बाहेर पडेनात. ती म्हणाली, "मॅडम बाहेर गेल्यात."

त्या दिवसापासून मॅडम बाहेरच राहिल्या. कोणी घासाघीस केली की धाकटी आतल्या खोलीत जाई, बंद फोन कानाला लावून भिंतीकडे बघत उभी राही आणि येऊन सांगे, "मॅडम नाही म्हणतात." गिऱ्हाईक मुकाट्याने कबूल होई. धाकटीला उभ्या जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. मॅडमना ते चुटकीसरशी जमे. बाजारात मॅडमचं नाव झालं. भारी शिस्तीची बाई, लोक म्हणत. शेजारच्या आजींनी तर त्यांना पाहिलंही होतं. चांगल्या उंच आहेत म्हणे.

ही कीर्ती दादाच्या कानावर गेली. "भागीदार घेतलीस आणि घरात पत्ता नाही? पण बरं केलंस. एकटीच्याने तुझ्या काय होणार होतं!" आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो दुकानात येऊन बसला. तिसऱ्या धंद्याबद्दल त्याला मॅडमचा सल्ला हवा होता.

तेवढ्यात एका मोठ्या लॉजचे मॅनेजर आले. त्यांनी स्वतः आणलेला कापडाचा तागा टेबलावर टाकला. "सगळ्या खोल्या आणि खालचा हॉल. याच कापडात."

धाकटीने कापड उजेडात धरलं. "तुमचा हॉल पाहिलाय मी, तिथे दुपारभर ऊन असतं. हे विटेल. मॅडम म्हणतील..."

"त्यांनाच म्हणू दे. मी थांबतो."

"मीही," दादा म्हणाला.

दोघे दाराकडे डोळे लावून बसले. धाकटी फोन घेऊन आत गेली, भिंतीसमोर उभी राहिली, आणि तिला एकदम या सगळ्याचा वीट आला. ती बाहेर आली.

"मॅडम येणार नाहीत. मॅडम नाहीतच. दुकान माझं आहे आणि हॉलसाठी हे कापड मी शिवणार नाही."

मॅनेजर गोंधळले. "हेच मॅडमनी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं."

"मग ऐका. तेच सांगतेय."

आपला आवाज इतका चढलेला तिने आजवर ऐकला नव्हता. मॅनेजरांनी दाढी खाजवली. खोल्यांचं काम त्यांनी तिला दिलं. हॉलचं मात्र त्याच कापडात शिवून देणाऱ्या दुसऱ्याकडे नेलं. कापड घेऊन झालं होतं, आणि शेवटी त्यांनाही लॉजच्या मालकाला तोंड दाखवायचं होतं.

दादा अजून दाराकडेच बघत होता. "मग हे सगळं केलं कोणी?"

"मी."

त्याने बराच विचार केला. घरी जाऊन वहिनीला म्हणाला, "मॅडम सोडून गेल्या गं. पण काय बाई असेल! जाता जाता आपल्या धाकटीला पार तयार करून गेली."