बुंदीचे जागृत वार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारी आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाया खाली बसलेल्या, माणसं दारात, पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळलेली. सगळ्यांचे मोबाईल एकाच भिंतीकडं. भिंतीवर माझ्या नवऱ्याचा, बालाजीचा, हार घातलेला फोटो आणि फोटोखाली त्याची कुत्री, बुंदी. पांढरी, केसाळ, जेमतेम चार किलोची. भिंतीला कपाळ दाबून ती उभी होती आणि हलतच नव्हती.

"बगा," माणिकप्पा महाराज म्हणाले. "ह्या देहात त्या देहाचा वास हाये. ऊर्जा हाये ही, ऊर्जा. तरंग सुटून राहिलेत. मोबाईल जरा लांब धरा, न्हाई तर तरंग आत जातील."

चार-पाच जणांनी खरंच मोबाईल लांब धरले. व्हिडिओ मात्र कुणी थांबवला नाही.

माझ्या सासूबाई, उमादेवी, अगदी पुढं बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. "बालाजी, पाणी पितो का रे?" असं त्या कुत्रीला विचारत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी आठवीला विज्ञान शिकवते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मे महिन्यात बालाजी केळीच्या बागेत मोटार चालू करायला गेला, शॉक लागून तिथंच गेला, आणि तेव्हापासून मला काही येतच नव्हतं. राग नाही, रडू नाही, भूक नाही. शाळेत जायचं, फळा भरायचा, घरी यायचं.

हे सुरू झालं जूनमध्ये. आत्याबाई बालाजीच्या फोटोपुढं त्याच्या आवडीच्या जेवणाचं पान ठेवायच्या आणि नंतर ते बुंदीपुढं सरकवायच्या. एका संध्याकाळी बुंदी फोटोखाली जाऊन डोकं टेकवून उभी राहिली. ती गॅसच्या सिलिंडरलाही टेकवायची, बाथरूमच्या दारालाही टेकवायची. पण त्याचे व्हिडिओ कुणी काढले नाहीत. फोटोखालचा व्हिडिओ मात्र देगलूरपर्यंत गेला आणि तिकडून माणिकप्पा महाराज आले. त्यांनी सांगून टाकलं, बालाजीचा जीव कुत्रीत अडकलाय, जागृत वारांना तो दर्शन देतो, त्याला आवडीचं खाऊ घाला. श्रावणात महिनाभर बुंदीनं भिंतीकडं बघितलंही नाही. महाराज म्हणाले, "श्रावणात तो काशीला गेलाय."

एक गोष्ट कबूल करते. जुलैतल्या एका बुधवारी घरात कुणी नसताना मीही बुंदीशेजारी बसले आणि हळूच विचारलं होतं, "तू हायेस का?" उत्तर यायचं नव्हतंच. पण मी विचारलं होतं.

करीच्या त्या दुपारी बुंदीचे पाय आधी थरथरले, मग ती आडवी पडली. तोंडातून लाळ, चारी पाय ताठ. "समाधी लागली," महाराज म्हणाले, आणि बायांनी हात जोडले. मी तिला टॉवेलात गुंडाळून रिक्षात बसले. अर्धापूर ते नांदेड पूर्ण वेळ तिचं डोकं माझ्या तळहाताला दाबलेलं होतं.

नांदेडला जनावरांच्या डॉक्टर बुद्धप्रिया यांचा छोटा दवाखाना आहे. त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं. मग विचारलं, "ताई, असं कधी कधी होतं? तारखा सांगा."

तारखा मी कुठून सांगू? मग आठवलं, गावानं सगळं लिहून ठेवलंय. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुंदीचे एकोणीस व्हिडिओ होते, तारीखवार. डॉक्टरांच्या टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि एकेका तारखेवर खूण करत गेले. बुधवार, शुक्रवार, रविवार. पुन्हा बुधवार, पुन्हा रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार एकदाही नाही. श्रावण कोरा. आणि शेवटी एकच मंगळवार, करीचा.

त्या खुणा कशाच्या ते मला कळलं, आणि फोटोपुढच्या पानापासून सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. आमच्याकडं मटण शिजतं ते बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. श्रावण सगळा पाळायचा आणि करीला, वार कोणताही असो, चूल पेटली की मटण.

"पानात काय असायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कलेजी. बालाजीला फार आवडायची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. सोनोग्राफी झाली, रक्ताचा रिपोर्ट आला, मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पोटात मटण पचताना अमोनिया तयार होतो. तो रक्तात उतरतो आणि लिव्हर तो साफ करतं. बुंदीच्या लिव्हरला वळसा घालून जाणारी एक रक्तवाहिनी जन्मापासूनच आहे. रक्त साफ न होताच पुढं जातं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. मग जनावराला भान राहत नाही, ते गोल गोल फिरतं, डोकं कशालाही दाबून उभं राहतं.

"भक्ती नाही ही, विषबाधा आहे," त्या म्हणाल्या. "असा झटका पुन्हा आला तर मी तिला वाचवू शकेन असं सांगत नाही."

औषधं लिहून दिली. अँटिबायोटिक, झटक्याची गोळी आणि दिवसातून तीनदा एक गोड, घट्ट औषध, पोट साफ ठेवून अमोनिया बाहेर काढणारं. खाणं थोडं थोडं, पाच वेळा. भात, लाल भोपळा, दही, जरासं पनीर. मटण, कलेजी बंद. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, त्याचं पुढं बघू म्हणाल्या.

घरी येऊन त्याच खुणा आमच्या कॅलेंडरवर उतरवल्या आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. "तुला त्याला हाकलायचंय," एवढंच बोलल्या. पण बुंदीला कलेजीही दिली नाही, कारण डबे कुलपात ठेवून किल्ली मी माझ्याकडं घेतली होती. अकरा दिवस बुंदी भिंतीकडं गेली नाही. अंगणात चिमण्यांवर भुंकली. चप्पल पळवली.

बाराव्या दिवशी रविवार होता. फोन वाजला. महाराजांचा नेहमीचा पहिला प्रश्न, "नैवेद्य किती वाजता झाला?" प्रत्येक वेळी ते हेच विचारायचे आणि बरोबर दीड तासानं दारात उभे राहायचे. आजवर मला त्यात काही वाटलं नव्हतं; कलेजी बुंदीच्या डोक्यात चढायला तेवढाच वेळ लागतो, हे आता कळलं. "झालाच नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तरी ते आले. मागं गर्दी. बुंदी फोटोकडं पाठ करून दाराशी झोपलेली. महाराजांनी तिच्यावर तीनदा हात फिरवला, डोळे मिटले, जीव बोलावला. बुंदीनं जांभई दिली. मागं कुणीतरी हसलं.

महाराजांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच कलेजीचा वास सुटला.

"उपाशी हाये तो," ते म्हणाले. "आवडीचं दिलं की येतोय बगा."

"महाराज," मी म्हणाले, "डबा बंद ठेवा आणि बोलवा. तुमच्या बोलावण्यानं येतो का कलेजीनं, ते तरी कळू द्या."

"ताई, तुमी शिकल्या-सवरल्या बाई. आत्म्याची परीक्षा घ्यायची न्हाई."

"मग एवढं सांगा. गुरुवारी, शनिवारी का येत नाही? देवाचे वार त्याला चालत नाहीत का?" मी कॅलेंडर गर्दीपुढं धरलं. "हे तुमचेच व्हिडिओ. तारखा तुमच्याच. सगळे मटणाचे वार हायेत. बघा आपापल्या मोबाईलमध्ये."

लोक मोबाईल काढून बघायला लागले. "हाव की," दारातून आमचे शेजारी सुदर्शनभाऊ म्हणाले. "करीचा मंगळवार धरून."

"तुमी म्हनत असाल तर दाखवा की मग," गर्दीतून एक बाई म्हणाली. "चारा कलेजी आन् करा सिद्ध."

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला पटावं म्हणून मी तिला विष घालणार नाही."

बुंदीला वास लागला होता. ती उठली, शेपटी हलवत डब्याकडं निघाली. महाराजांनी एक तुकडा उचलून पुढं केला. मी मधे पडणार, तेवढ्यात आत्याबाई उठल्या. त्यांनी बुंदीला उचलून कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण लावलं.

"महाराज, एक विचारते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "माझा बालाजी हिला मटण देत नव्हता. हाडूकसुद्धा न्हाई. मी द्यायला गेले की ओरडायचा, आई, हिला मानवत न्हाई, गुंगून पडती. दहीभात चारायचा आपल्या हातानं. मी इसरून गेले होते. हिच्यात माझा बालाजी असता, तर त्यानं हिला ही कलेजी खाऊ दिली असती का?"

महाराज ऊर्जेबद्दल काहीतरी बोलले. कुणी ऐकलं नाही. डबा पिशवीत घालून ते निघाले तेव्हा त्यांना वाट द्यायला लोक बाजूला झाले, एवढंच.

बैठक रिकामी झाल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "म्हणजे तो आलाच न्हाई का गं? एकदाबी?"

"न्हाई, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. बुंदी त्यांचा पदर चावत होती. मला मे महिन्यापासून पहिल्यांदा रडू आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही.

आता लोक मला विचारतात, त्यांना एवढंच सांगते. जनावर डोकं दाबून उभं राहिलं तर हात जोडू नका, उचला आणि दवाखान्यात न्या. माणसाला झटका आला तरी तेच करा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर तो कशानंतर होतो आणि कधी होत नाही, हे लिहून ठेवा. त्याला बुवा लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं.

औषध आता आत्याबाईच देतात. चमचा मोजून, रोज तीनदा. मग वाटीत दहीभात कालवतात आणि बुंदीला म्हणतात, "खा, बालाजीनं सांगितलंय."

मी दुरुस्त करत नाही. त्यानं सांगितलंच होतं.