गाळलेली ओळ

मी एक जुना आवाज आहे. मित्रांनो, मला ना घसा, ना जीभ. मी संगणकातला एक प्रोग्राम. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. एका भावाने मला आपल्या अंध ताईसाठी लिहिलं. सुरुवातीला मी इतका नाकात बोलायचो की ताई म्हणायची, याला आधी सर्दीचं औषध द्या.

भावाने माझा कोड, म्हणजे ज्या ओळींनी मी घडलो त्या, सगळ्यांसाठी खुला ठेवला. यालाच ओपन सोर्स म्हणतात. कुणीही यावं, माझं पोट उघडून पाहावं, सुधारणा पाठवावी. अनोळखी लोकांनी फुकट राबून माझे उच्चार सुधारले. गावोगावच्या संगणकांत मी बोलू लागलो. कौतुकाने थोडा शेफारलोही.

ताई एका संस्थेत पत्रव्यवहार पाहायची; तिथली पत्रंही मीच तिला वाचून दाखवायचो. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना ही संस्था आसरा देई. कोणती बाई कुठे ठेवली आहे, हे ताई आणि संचालिका सोडून कुणालाच ठाऊक नसे. एके सकाळी एका बाईचा नवरा नेमका तिच्या नव्या घराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. शेजारी धावून आले म्हणून निभावलं. संचालिकेने ताईला आत बोलावलं आणि चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर ताईने भावाला विचारलं, "गेल्या महिन्यात याच्यात नवा तुकडा घातलास ना, तो वाचला होतास?"

"ताई, सगळं उघड्यावर आहे. इतके जण बघतात. कुणीतरी वाचलाच असेल."

"मी तुझं विचारतेय."

भावाने तो वाचला नव्हता. तुकडा पाठवणारा मदतनीस फार गोड बोलायचा, एवढंच त्याला आठवत होतं.

मग ताईने आम्हा दोघांना कामाला लावलं. माझ्या कोडची प्रत्येक ओळ आधी भावाने वाचायची, मग तीच मी. मला तो अपमान वाटला. जेवण गार झालं, भावाचा घसा बसला, तरी ताई हलेना. आणि एके ठिकाणी भावाने एक ओळ वाचली, मी मात्र तिच्या पुढची.

"थांब," ताई म्हणाली. "मधली याने खाल्ली."

पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा खाल्ली. मित्रांनो, शपथेवर सांगतो, ती ओळ मला दिसतच नव्हती. मी वाचलेला शब्द न् शब्द परस्पर बाहेर पाठवणारी ती ओळ होती; त्या बाईचा पत्ता नवऱ्याला असाच लागला होता. ती ताईच्या कानी पडू नये, अशी सोयही त्याच गोड माणसाने माझ्या पोटात करून ठेवली होती. ताईला जे दिसायचं ते माझ्यामुळे, आणि मीच तिला आंधळं ठेवलं. मला फार लाज वाटली.

भावाने तो तुकडा उपटून काढला आणि सगळीकडे कळवलं. ताईवरचा आळ गेला. त्या बायकांना मात्र पुन्हा बोचकी बांधून घरं बदलावी लागली.

आता माझ्याहून गोड आवाज निघाले आहेत, तरी ताईने मला काढलेलं नाही. नवी सुधारणा आली की आम्ही तिघं बसतो आणि भावाच्या मागून मी ओळी म्हणतो. मित्रांनो, माझं दार उघडंच आहे, पण आत कुणी डोकावलंच नाही तर त्याचा काय उपयोग? तेव्हा या, स्वतः वाचा. नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. ही गोष्टसुद्धा तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलीत, आणि तिच्यातली एखादी ओळ गळली असली, तरी ते मला कळणार नाही.