हारलो म्हणायचा हक्क

होळीपासून रंगपंचमीपर्यंत पाच दिवस अमरावतीत कामाचं नाव काढायची सोय नव्हती. दुपार कलली की अख्खं गाव अंबा दरवाजाबाहेरच्या पटांगणात जमायचं आणि डफ कडाडायला लागायचे. एका अंगाला तुरेवाले नत्थुजी शाहीर, समोर कलगीवाले नबी पिंजारी. तुरेवाल्यांनी शिवाची थोरवी गायची, कलगीवाल्यांनी शक्तीची, आणि गाता गाता एकमेकांना असे सवाल टाकायचे की समोरच्याची दातखीळ बसावी. बावीस वर्षं हे भांडण सुरू होतं. दोघांची आपापल्या बायकांशीही एवढी जुंपली नसेल.

या भांडणात पंच नव्हता. ज्याला जवाब सुचला नाही त्याने आपल्या तोंडाने 'हारलो' म्हणायचं आणि डफ समोरच्याच्या हाती द्यायचा. डफ गेला की शाहिरी संपली. पुन्हा दुसरा डफ हाती धरायचा नाही. दुसरं कोणी शाहिराला हरवू शकत नव्हतं, गावचा पाटील नाही की नवा आलेला गोरा साहेब नाही. बावीस वर्षांत दोघांपैकी कोणाच्याही तोंडून तो शब्द निघाला नव्हता. नबीच्या तोंडून तो एकदा ऐकावा आणि मग खुशाल डोळे मिटावेत, एवढीच नत्थुजीची इच्छा उरली होती.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची कळा आली. ज्यांना काल कोणी ओळखत नव्हतं त्यांच्या पायांत चांदीचे तोडे आले. त्यांतलाच एक भगवंतशेट. या वर्षी त्याने आपल्या कापसाच्या गाठी थेट पटांगणात रचल्या. होळीसुद्धा लोकांना गल्लीत पेटवावी लागली. कोणी विचारायला गेलं तर त्याचा मुनीम म्हणायचा, "जागा काय तुमच्या बापाची हाय?" जशी काही ती शेटच्या बापाची होती!

वर शेटने दोन्ही शाहिरांना निरोप धाडला. रंगपंचमीला पटांगणाला लागूनच असलेल्या माझ्या हवेलीच्या चौकात गा. साहेब येणार आहे, बडी मंडळी येणार आहेत. बाकीचा गाव बाहेर. हारजीत मी ठरवीन. जिंकेल त्याने दरवर्षी इथंच गायचं, हरेल त्याने डफ टाकून गाव सोडायचं.

नत्थुजीने लगेच होकार दिला. आधी त्यानेच दिला, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढं ते त्याला फार लागलं. नबीची हार ऐकायला मिळणार म्हटल्यावर त्याला पटांगण दिसेना की गाव दिसेना. गोदाबाईने भाकरी थापता थापता नवऱ्याला सुनावलं, "आमी काय भितीले कान लावून आयकाव का? बाईमानसाचा येकच तमाशा होता वर्साचा, तोई तुमी त्या शेटाच्या घशात घातला."

"आयकू येते भितीपलीकडून," नत्थुजी पुटपुटला. तिने तवा असा आपटला की तो उठून बाहेर गेला.

रंगपंचमीला चौकात गालिचे पडले होते. साहेब खुर्चीवर घाम पुसत बसला होता. शेजारच्या लोडाला भगवंतशेट टेकला होता, आणि डफ वाजत असतानाच पान मागत होता. बडी मंडळी भलत्याच जागी वाहवा देत होती. शाहिरामागे पालुपद उचलून झील धरणारे पोरगे गडी बावरून गेले. भिंतीपलीकडे मात्र गाव गाठींवर चढून बसलं होतं, आणि बरोबर जागेवर हुंकार तिकडूनच येत होता. नत्थुजी गात होता साहेबाकडे बघून, पण त्याचे कान भिंतीकडे लागले होते. आपण कुठं येऊन बसलो, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं आणि लाज वाटली.

सूर्य कलला तेव्हा नबी उठला. दिवसभर कापूस पिंजणारा माणूस, भुवयांपर्यंत पांढरा. त्याने शेटकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि सवाल टाकला:

"राजा निजे जिच्या कुशी, रंक निजे शेजारी,
'माझी माझी' म्हणती सारे, ती ना कोणाची नारी.
जो तिजवरी ओझे रची, तोही तिचाच घास,
सांग तुऱ्याच्या शाहिरा, नाव तिचं रे खास!"

भिंतीपलीकडे हशा उसळला. इतका सोपा सवाल नबीने बावीस वर्षांत टाकला नव्हता. विहिरीवरच्या कोणत्याही बाईने सोडवला असता. माती! पण तो सवाल नत्थुजीला नव्हताच, पटांगणावर गाठी रचणाऱ्याला होता.

मुनीम शेटच्या कानाला लागला, तसा शेटचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "नत्थुजी! दे जवाब, अन् घे त्याचा डफ. तू जिंकला. हा पिंजारी आजच गावाबाहेर!"

एक शब्द. नबीचा डफ, नबीची हार, दरवर्षीचा हा चौक. नत्थुजीच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. नबी त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत विनवणी नव्हती. 'बोल की,' असंच ती नजर म्हणत होती.

नत्थुजीला संताप आला. नबीचा नाही. हा लोडावर टेकलेला माणूस, ज्याला टाळी कुठं द्यायची ते कळत नाही, तो नबीला हरवणार? बावीस वर्षं ज्याला आपण हरवू शकलो नाही त्याला?

"मले जवाब येत नाई," तो म्हणाला.

शेट लोडावरून उठला. "काय?" शेट ओरडला.

"काहून, आयकू नाई आलं? येत नाई म्हंतो! हारलो!" नत्थुजीने तो शब्द असा ठणकावला की साहेबसुद्धा खुर्चीत ताठ झाला. "अन् शेट, इथं हारलो म्हनाचा हक शाहिराचा हाय. तुमचा नाई. त्याले गावाबाहेर काढाचं तर जिंकलेल्याले काढून राहिले तुमी. सांगा तुमच्या साहेबाले!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून गोदाबाईचा खणखणीत आवाज आला, "माती! माती हाय ते!" आणि मग अख्खं पटांगण एका सुरात ओरडायला लागलं. माती! माती! शेटने कान झाकले नाहीत एवढंच.

नत्थुजीने गुरूने दिलेला डफ कपाळाला लावला, नबीच्या हाती ठेवला आणि हवेलीच्या दरवाजातून बाहेर पडला. हात एवढे हलके त्याला कधी लागले नव्हते, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

मागोमाग नबी आला, दोन्ही डफ घेऊन. त्याच्यामागे दोघांचे गडी. चौकात शेट, साहेब, बडी मंडळी आणि गालिचे उरले.

"झूट बोलला तू," नबीने नत्थुजीचा डफ त्याच्यापुढे धरला. "पकड तुझा डफ. मले नाई पायजे असली जीत."

"मले बी नाई पायजे असला डफ." नत्थुजीचे डोळे भरले, पण आवाज खाली आला नाही. "जवाबाचं खोटं बोललो, हारलो ते खरं. आज नेम मी मोडला तर उद्या शेट मोडते. ठेव तुझ्यापाशी, अन् गा!"

गोदाबाईने गाठीवरची आपल्याशेजारची जागा पदराने झटकली. नत्थुजी तिथं चढून बसला. नबीने डोळे पुसले, मातीत पाय रोवले आणि डफावर थाप मारली. नत्थुजीने आयुष्यात पहिल्यांदा कलगीची झील धरली, मांडीवर ताल देत, हवेलीकडे तोंड करून, छाती फुटेस्तोवर.